काळ्या उंदरांची भूक: एम.फार्म. प्रोजेक्टच्या नोंदी, सांगली

१६ जून, सोमवार

आज अधिकृत पहिला दिवस. उंदीर येऊन आठवडा झाला पण तो आठवडा नुसता रुळायला असतो, नवीन जागा, नवीन पाणी, नवीन माणसं, त्यात रीडिंग धरत नाहीत. वीस नर, सी५७ ब्लॅक ६ जातीचे, कोळशासारखे काळे, वजन सरासरी २० ग्रॅम. दोन-दोन करून दहा पिंजरे. पाच पिंजऱ्यांना साधं खाणं, ज्यात १० टक्के कॅलरी चरबीतून येतात, आणि पाच पिंजऱ्यांना ६० टक्के चरबीचं. बारा आठवडे चालणार. कुठल्या पिंजऱ्याला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि चिठ्ठ्या प्राणीघर सांभाळणाऱ्या मामांनी उचलल्या, म्हणजे माझ्या मनात कुठला उंदीर आवडता असला तरी त्याचा काही संबंध येत नाही.

हीच जात का, कारण चरबीच्या खाण्यावर ही हमखास सुटते आणि बरोबर साखर पण चढते, माणसासारखं. कॉलेजात एरवी पांढरे स्विस उंदीर वापरतात, स्वस्त पडतात, पण त्यात एक सुटतो, एक नाही, आकडे सगळीकडे पसरतात. एथिक्स कमिटीची परवानगी यायला चार महिने गेले. वीसच का, बारात का भागत नाही, उरलेल्यांचं काय करणार, असं बारीक विचारलं, आणि मला ते विचारणं बरोबर वाटलं, कारण जीव आहे तो, प्रत्येकाचा हिशोब द्यायलाच पाहिजे.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिलाय. पोट भरलं हे मेंदूला कोण सांगतं, आणि जाड झालेल्या उंदराला ते ऐकू का येत नाही.

१९ जून

तीन दिवस खाणं मोजलं, सगळ्याच पिंजऱ्यात कमी भरतंय, साध्यांचं पण आणि चरबीवाल्यांचं पण. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की रोज वजनासाठी मी त्यांना शेपटीला धरून उचलतेय. शेपटीला धरलेला उंदीर घाबरतो, घाबरलेला उंदीर नीट खात नाही, मग मी भूक मोजतेय का भीती? आज मामांनी हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा पाइप आणून वीतभर तुकडे करून दिले. तुकडा पिंजऱ्यात ठेवला की उंदीर आपणच आत शिरतो, तसाच पाइप उचलायचा, काट्यावर ठेवायचा, पाइपचं वजन वजा करायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला तर पाइप दिसला की पळत येतात. मामा म्हणाले, "पोरी, तीस वर्षं शेपटीलाच धरत आलो की आपण." आवाजात वाईट वाटल्याचं कळत होतं.

चरबीच्या खाण्याची गोळी निळी असते, मुद्दाम रंगवलेली, म्हणजे दोन खाण्यांची अदलाबदल होऊ नये. हातात घेतली की तूप लागल्यासारखं बोटं चिकट होतात. फ्रीजमध्ये ठेवावी लागते नाहीतर खवट होते, खवट झाली की उंदीर तोंड लावत नाहीत आणि आपल्याला वाटतं भूक कमी झाली. दुसरी अडचण म्हणजे ती भुगा होते, उंदीर कुरतडून निम्मी खाली सांडतात आणि खाली मक्याच्या कणसाचा भरडा पसरलेला असतो, त्यात ती मिसळून जाते. सांडलेलं मोजलं नाही तर ते खाल्लं असंच धरलं जातं. आत्याकडून पिठाची जुनी चाळण मागून आणली, भरडा वर राहतो, निळा भुगा खाली पडतो, तो वजन करायचा. दहा पिंजरे चाळायला सव्वा तास लागतो. पण ह्या सव्वा तासावरच सगळं उभं आहे.

३० जून

दोन आठवडे झाले. साधे २२.५ ग्रॅमवर, चरबीवाले २४.५. इतक्यात फरक दिसतोय.

मैत्रिणीला आकडे दाखवले तर ती म्हणाली की अगं तुझे जाड उंदीर तर कमी खातायत. खरंय, ग्रॅममध्ये कमीच आहे, साधा उंदीर रोज साडेतीन ग्रॅम खातो आणि चरबीवाला २.८. पण साध्या खाण्याच्या एका ग्रॅममध्ये ३.८५ कॅलरी आहेत आणि निळ्या गोळीच्या ग्रॅममध्ये ५.२४. गुणाकार केला की साडेतेरा आणि पावणेपंधरा. म्हणजे रोजचा फरक जेमतेम सव्वा कॅलरीचा, माणसाच्या मापात बसवलं तर दिवसाला एक-दीड चपाती जादा. बघणाऱ्याला कोण जास्त खातंय हे कळणार पण नाही. पिंजऱ्यासमोर उभं राहून कुणालाही विचारा, खादाड कोण, तर साध्या खाण्याच्या उंदराकडे बोट दाखवेल.

अजून एक दिसतंय. साधे उंदीर दिवसा झोपतात आणि रात्री खातात, लाइट सहाला बंद झाला की कुरतडायचे आवाज सुरू. चरबीवाले भर दुपारी पण उठून चरतात. हे आधी झालेल्या कामात पण आलेलं आहे, चरबीच्या खाण्यानं दिवस-रात्रीचं घड्याळच सरकतं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सुट्टी असली तरी पाणी-खाणं बघायला आले. सकाळी घरी आत्याचं सुरूच होतं, साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचे लाडू, आणि स्वतःच म्हणते, "एकादशी अन् दुप्पट खाशी." पण दुपारी बारा वाजता, रोजच्या जेवणाच्या ठोक्याला, तिला खरोखर पोटात खड्डा पडला. पोटात काही कमी नव्हतं, खिचडी होऊन दोनच तास झालेले. हा घ्रेलिनचा खेळ आहे. पोटाच्या अस्तरातून निघणारं हार्मोन, १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा ह्यांनी शोधलं, २८ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी आणि तिच्या तिसऱ्या मण्याला चरबीचा एक तुकडा लावलेला, तो तुकडा नसला की भुकेची किल्ली चालतच नाही. ते जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी चढतं, म्हणजे पोट रिकामं आहे म्हणूनच असं नाही, सवयीची वेळ झाली म्हणून पण.

घ्रेलिन जाऊन उठवतं ते हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या एजीआरपी नावाच्या, भूक लावणाऱ्या पेशींना. मेंदूतला हा भाग उंदरात मोहरीएवढा पण नाही. २००५ मध्ये प्रौढ उंदरांतल्या ह्या पेशी मारल्या तर उंदरांनी खाणंच सोडलं, उपाशी मरायला लागले. २०११ मध्ये उलटं केलं, ह्याच पेशी प्रकाशानं चेतवल्या तर पोट भरलेले उंदीर काही मिनिटांत उपाशासारखे तुटून पडले. आणि मला सगळ्यात जास्त भिडलेलं म्हणजे २०१५ चं काम, उपाशी उंदराला नुसतं खाणं दिसलं तरी ह्या पेशी काही सेकंदात गप्प होतात, एक घास पण पोटात जायच्या आत. ताट दिसलं की जीवात जीव येतो म्हणतो ना आपण, ते खरं आहे, तिथं बोट ठेवून दाखवता येतं.

लोकांना वाटतं जाड माणसाच्या अंगात घ्रेलिन जास्त असणार. उलट आहे, कमी असतं. पण उपाशी राहून वजन उतरवलं की ते चढतं. आत्या पाच वर्षांपूर्वी ११ किलो उतरली होती, सहा महिने ज्वारीची अर्धी भाकरी आणि ताक, आणि वर्षात १३ किलो परत आले. तेव्हा ती मला सांगायची की रात्री झोपेत पण जेवणाची स्वप्नं पडतात. सगळे म्हणाले ताबा सुटला. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० लोकांचं वजन दहा आठवड्यांत उतरवून मग त्यांची हार्मोनं मोजली होती, वर्षानंतर पण भुकेची हार्मोनं खाली यायचं नाव नाही आणि तृप्तीची वर यायचं नाव नाही. शरीर वर्षभर भांडत होतं. हे वाचताना मला आत्या दिसत होती.

१४ जुलै

लाइट गेली, जनरेटरनं दगा दिला, एसी पाच तास बंद. खोली २२ वरून २९ वर. आज सगळ्या पिंजऱ्यात खाणं कमी भरलं. उंदराला निवांत वाटतं ते तीसच्या आसपास, आपल्या २२ डिग्रीत तो बिचारा ऊब ठेवायलाच बरीच कॅलरी जाळतो, ऊब मिळाली की तेवढं खायची गरज नाही. आजचं रीडिंग वेगळ्या रंगानं लिहिलं. काढून टाकणार नाही, का कमी भरलं ते शेजारी लिहून ठेवलंय.

२२ जुलै

रात्री मेथी निवडत बसलो होतो, आत्यानं विचारलं की हे सगळं सुरू कसं झालं गं, उंदीरच का. तिला कोलमनची गोष्ट सांगितली आणि आता इथं पण लिहून ठेवते, कारण सिनॉप्सिसमध्ये मी ती दोन ओळीत उरकलीय आणि तिच्यावर अन्याय केलाय.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर म्हणून गाव आहे, तिथं जॅक्सन लॅबोरेटरी. १९४९ साली तिथल्या उंदरांत काही पिल्लं विलक्षण जाड निघायला लागली, आपोआप झालेला जनुकातला बदल, त्याला ओबी म्हणतात. नंतर साठच्या दशकात दुसरी एक जात निघाली, ती पण जाड आणि वर मधुमेह, तिला डीबी म्हणतात. दिसायला दोन्ही सारखीच, गोळे. तिथल्या डग्लस कोलमन ह्या शास्त्रज्ञानं काय केलं, दोन उंदरांची कुशीची कातडी एकमेकाला शिवली, काही दिवसांत दोघांच्या रक्तवाहिन्या जुळतात आणि एकाच्या रक्तातलं थोडं थोडं दुसऱ्यात जातं. डीबीला साध्या उंदराशी जोडलं तर साध्या उंदरानं खाणं सोडलं आणि समोर खाणं असताना उपाशी मेला. ओबीला साध्याशी जोडलं तर ओबी कमी खायला लागला. मग ओबी आणि डीबी एकमेकाला जोडले, आणि ओबी उपाशी मेला, डीबी फुगतच राहिला.

आत्या मेथीची काडी हातात धरून तशीच थांबली. म्हणाली, "म्हंजे त्या डीबीच्या रक्तात काहीतरी हाय, पण त्याला स्वतःलाच त्याचा उपेग न्हाई?" मी उडालेच. कोलमनचा निष्कर्ष नेमका हाच होता. एका गावात दवंडी देणाराच नाही पण गावाचे कान शाबूत आहेत, तो ओबी. दुसऱ्या गावात दवंडी रात्रंदिवस चालू आहे पण गाव बहिरं, तो डीबी.

ती दवंडी काय हे कळायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमनच्या गटानं ओबी जनुक शोधून काढलं. ते चरबीच्या पेशींतच चालतं, तिथून एक हार्मोन रक्तात सुटतं, त्याला नाव दिलं लेप्टिन, ग्रीक भाषेत लेप्टोस म्हणजे बारीक. पुढच्याच वर्षी ओबी उंदरांना लेप्टिन टोचलं आणि ते बारीक झाले. म्हणजे चरबी ही नुसती साठवलेली पिशवी नाही, ती बोलते.

आत्याला खरी गोष्ट पुढे सांगितली. ओबी उंदराला साध्या उंदराइतकंच मोजून खाणं दिलं, एक दाणा जास्त नाही, तरी त्याच्या अंगावर चरबी जास्तच चढते. कारण लेप्टिन नसलं की शरीर समजतं दुष्काळ पडलाय, ऊब कमी करा, हालचाल कमी करा, येईल ते साठवा. मिरजेतल्या एका डॉक्टरनी आत्याला सगळ्या पेशंटसमोर म्हटलं होतं की तोंडाला कुलूप लावा, दुसरं औषध नाही. त्या दिवशी मी तिच्यासोबत होते, बाहेर येऊन ती रिक्षात एक शब्द बोलली नाही. आज तिनं दोनदा विचारलं, "सारखंच खाऊन?" हो आत्या, सारखंच खाऊन.

माणसात पण लेप्टिन नसलेली लेकरं सापडली, १९९७ साली इंग्लंडमध्ये, दोन चुलत भावंडं. आठ वर्षांची मुलगी ८६ किलो आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलो. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर अशा मुलांचं जेवण बदलून गेलं. पण असं फार थोड्यांत असतं. बाकी जाड माणसांत लेप्टिन कमी नाही, भरपूर आहे, म्हणून इंजेक्शन देऊन मोठ्या आशेनं केलेल्या चाचण्या फिक्या पडल्या. माझे काळे उंदीर त्यातलेच होतील असा अंदाज आहे. आपल्याकडे हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्थेत जाड घुशीएवढ्या उंदरांची स्वतःची एक जात आहे, तिच्यातही लेप्टिन चढलेलंच असतं.

४ ऑगस्ट

सात आठवडे. साधे २६, चरबीवाले ३३. पाठीवर बोट फिरवलं की साध्याचे मणके लागतात, ह्यांचे लागत नाहीत.

फक्त ११ नंबर २७.५ वर अडकलाय. तीच निळी गोळी, जोडीदार १२ नंबर ३५ वर पोचला. जनुकं सगळ्यांची सारखी, तरी चरबीच्या खाण्यावर काही उंदीर सुटत नाहीत, ह्याचं नाव पण आहे, प्रतिकार करणारे. मला मोह झाला की ११ ला काढून टाकावं, सरासरी छान दिसेल. सरांना फोन केला. ते म्हणाले, "तो तुझ्या सोयीचा नाही म्हणून काढायचा का?" तेवढंच. राहिला ११ नंबर. आणि त्याचं लेप्टिन किती निघतंय ही मला आता सगळ्यात मोठी उत्सुकता आहे.

साध्यांतल्या ४ नंबरला जोडीदारानं पाठीवर चावलंय. नर आहेत, होतं. वेगळं केलं, मलम लावलं, आता तो पिंजरा एकट्या-एकट्याचा, खाणं मोजताना वेगळं लिहायचं.

१२ ऑगस्ट

लिराग्लुटाइड ह्या भूक कमी करणाऱ्या औषधाची पहिली फेरी आज. आतापर्यंत चरबीचा निरोप बघत होतो, आता आतड्याचा. जेवण आतड्यात पुढं सरकलं की शेवटच्या भागातल्या एल पेशी जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात. ते पोटाला सांगतं हळू रिकामं हो, स्वादुपिंडाला सांगतं इन्सुलिन सोड, आणि व्हेगस नस आणि रक्त दोन्ही वाटांनी मेंदूला सांगतं पुरे. पण त्याचं आयुष्य दोन मिनिटांचं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम लगेच कापून टाकतं. म्हणून टिकणारं काहीतरी शोधत होते आणि ते सापडलं कुठं तर अमेरिकेतल्या वाळवंटातल्या गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत. जॉन इंग ह्यांनी १९९२ मध्ये शोधलं, त्यावरून २००५ मध्ये मधुमेहाचं इंजेक्शन आलं. लिराग्लुटाइड मात्र माणसाच्याच जीएलपी-१ वरून बनवलंय, ९७ टक्के तेच, फक्त चरबीची एक शेपटी जोडलीय, त्या शेपटीनं ते रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतं आणि माणसात १३ तास टिकतं. २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलेलं, आठवड्यातून एकदा घ्यायचं टिरझेपटाइडचं इंजेक्शन त्याच घरातलं, ते जीआयपी हे आतड्याचं दुसरं हार्मोन आणि जीएलपी-१ दोन्हीची कुलपं उघडतं. मेडिकलवाले सांगतात रोज कोणीतरी विचारायला येतं.

संध्याकाळी पाचला इंजेक्शन, सहाला लाइट बंद, मग लाल दिव्यात आठला आणि दहाला खाणं मोजायचं आणि परत उद्या पाचला. निम्म्या पिंजऱ्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन, पुढच्या फेरीत उलट, म्हणजे प्रत्येक पिंजरा स्वतःशीच ताडला जातो. इंजेक्शन भरून कोड घालायचं काम मैत्रिणीनं केलं, कुठल्यात काय हे मला माहीत नाही. पण लाल दिव्यात बसल्या बसल्या कळत होतं. काही पिंजऱ्यांतले उंदीर गोळीपाशी येतात, वास घेतात, दोन वेळा कुरतडतात आणि परत जाऊन कोपऱ्यात बसतात. इतके दिवस ज्यांना खाताना बघितलं ते असं मधेच सोडून जाताना बघणं वेगळंच वाटलं.

सर व्हायवात विचारणार हे नक्की आहे की भूक मेली का मळमळलं. उंदराला उलटी होत नाही, त्याच्या अंगात ती सोयच नाही, त्यामुळं दिसून कळणार नाही. म्हणून बसण्याची ढब, अंग चोरणं, केस उभे राहणं, पाणी किती पिलं, सगळं लिहून ठेवलं.

२१ ऑगस्ट

काल दुसरी फेरी होती. झाली नाही. चार दिवस झाले पाऊस थांबत नाही, कोयनेतून विसर्ग चालू, सगळ्यांच्या मोबाइलवर एकच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे सांगलीत लहान पोराला पण पाठ असतं. कॉलेज उंचावर आहे, तिथं पाणी येत नाही, पण येणारी माणसं कुठून येतात ते बघायला पाहिजे. मामांचं घर नदीकाठच्या वस्तीत, २०१९ ला पत्र्यापर्यंत बुडालेलं. काल त्यांनी टीव्ही, गॅस, पोरीची पुस्तकं मेव्हण्याकडं हलवली, घरच्यांना सोडलं आणि तिथून चालत, ढोपरापर्यंत पाण्यातून, उंदरांना पाणी घालायला आले. मी म्हटलं मामा मी आले असते. म्हणाले, "तू विश्रामबागेतून येणार, मधे झाडं पडल्यात. आणि ह्यांची बाटली कुठली गळते ते तुला कुठं म्हाईताय." सात नंबरच्या पिंजऱ्याची गळते. खरंच माहीत नव्हतं.

रीडिंग फक्त वजनाचं झालं. खाणं चाळलं नाही.

२५ ऑगस्ट

पाणी उतरलं. परवा गणपती, शेजारच्या मंडळाचा मांडव उभा राहिलाय, एकदा ढोल आणि स्पीकर सुरू झाले की उंदीर अंग चोरून बसतात, मग काहीच मोजता येणार नाही. म्हणून आजच दुसरी फेरी उरकली. दोन फेऱ्यांत आठवड्याऐवजी तेरा दिवस पडले, थिसिसमध्ये कारण लिहायला पाहिजे आणि मी पूर हाच शब्द लिहिणार आहे.

कोड उघडले. साधे उंदीर सलाइनवर चोवीस तासांत ३.५ ग्रॅम, औषधावर २.३. जाड उंदीर सलाइनवर २.७, औषधावर १.६. म्हणजे जाड उंदरांचा मेंदू ठार बहिरा नाहीये, आतड्याचा निरोप त्याला अजून ऐकू येतो. २०१४ च्या कामात दाखवलंय की लिराग्लुटाइड हायपोथॅलॅमसच्या त्याच तळच्या भागात शिरतं आणि तिथल्या पुरे म्हणणाऱ्या पीओएमसी पेशींना जागं करतं. एका दारात कडी आहे, दुसरं उघडं आहे. अंग चोरून बसणं दोन उंदरांत दिसलं, दोन्ही साध्या गटातले, तेही लिहिलं. पाच-पाच पिंजऱ्यांवर फार मोठं काही म्हणता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

८ सप्टेंबर

बारा आठवडे पूर्ण. साधे २९, चरबीवाले ४२, ११ नंबर ३१.

आज शेवट होता. नियमाप्रमाणे भूल देऊन. पाइप ठेवला की रोजच्यासारखे पळत आत आले, आणि ते मला सहन झालं नाही, बाहेर जाऊन पाणी पिऊन परत आले. त्यांचा विश्वास मीच लावलेला. काम मात्र हात न थरथरता केलं, कारण थरथरलं तर रक्त वाया जातं आणि मग त्या जिवाचं काहीच उरत नाही. वृषणाजवळची चरबी काढून मोजली, साध्यात नखाएवढी, जाडांत दोन्ही बाजूंना पांढऱ्या लोण्यासारखी पसरलेली. रक्त सेंट्रिफ्यूज करून सीरम वीस छोट्या नळ्यांत, उणे ऐंशीच्या फ्रीजरला. मामांनी संध्याकाळी उदबत्ती लावली, कुणी सांगितलं नव्हतं.

१६ सप्टेंबर

लेप्टिनची एलायझा, म्हणजे रक्तात ते किती आहे हे रंगावरून मोजायची चाचणी. किट महाग म्हणून दुसऱ्या एका मुलीबरोबर निम्मं-निम्मं घेतलं, म्हणून चुकायला जागाच नव्हती, पिपेट करताना श्वास धरून होते.

शेवटचा रंग घातला की जिथं लेप्टिन जास्त तिथं निळं गडद होतं. प्लेटच्या वरच्या दोन ओळी साध्यांच्या, तिथं आभाळी, अगदी फिकट. खालच्या दोन ओळी जाडांच्या, पाच मिनिटांत शाईसारख्या. फक्त एक घर मधलंच, ११ नंबरचं. मग आम्ल घातलं की सगळं निळं क्षणात पिवळं होतं आणि मशीन तो पिवळा वाचतं. साधे सरासरी ६ नॅनोग्रॅम, जाड ४८, ११ नंबर १४.

आठपट निरोप आणि तरी खातायत. का पोचत नाही ह्याची कारणं बरीच सापडलीत, रक्तातून मेंदूत जायचं दार अरुंद होतं, पेशीच्या आत एसओसीएस३ नावाचं प्रथिन ब्रेक लावून बसतं. आणि २०१२ चं एक काम आहे, चरबीचं खाणं सुरू केल्यावर पहिल्या तीन दिवसांत, वजन अजून वाढायचंय तेव्हाच, हायपोथॅलॅमसमध्ये सूज दिसते. म्हणजे मी १९ जूनला चाळण घेऊन बसले होते तेव्हाच आत सुरू झालेलं असणार. शिवाय लेप्टिनचं मूळ काम भरल्याचं सांगणं कमी आणि संपत आल्याची बोंब मारणं जास्त असं आता बरेचजण मानतात. ते वाढलं तर मेंदू फारसं मनावर घेत नाही, पण कमी झालं की सगळं घर डोक्यावर घेतो. आत्याचे ११ किलो उतरले तेव्हा हीच बोंब चालू असणार.

१९ सप्टेंबर

आत्याला प्लेटचा फोटो दाखवला, आम्ल घालायच्या आधीचा, निळा. बराच वेळ मोबाइल हातात धरून बघत होती, बोटांनी मोठा करून. मग खालच्या ओळींवर बोट ठेवलं. "मी ह्यात?" म्हटलं तुझं मोजलेलं नाही, पण बहुतेक ह्यातच. म्हणाली, "एवढं गडद हाय अन् डोक्याला दिसंना." मग उठून गॅसवरचं दूध बघायला गेली आणि आतून विचारलं की त्या आठवड्याच्या इंजेक्शनचं खरं काय, कुणाला विचारायचं. तिची साखर, किडनीचे रिपोर्ट, सगळं घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं ठरवलंय, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मी सोबत जाणार.

पिंजरे धुवून उन्हात पालथे घातलेत. सोमवारी पहिल्या वर्षाच्या मुलींना पाइपनं उंदीर उचलायला शिकवायचंय, मामांनी अजून आठ तुकडे कापून कडा घासून ठेवलेत. सात नंबरची बाटली बदलायला सांगायची राहिलीय.